दक्षिण स्पेनमध्ये गोल्फ : चौघे मित्र, आठ रात्री, बेत कसा आखू?

बिबवेवाडीकर

नमस्कार मंडळी,

गोल्फबद्दल इथे फारसं कुणी लिहीत नाही. पण युरोपात राहणारी बरीच मंडळी इथे असतात, म्हणून विचारतो.

आम्ही चौघे मित्र पुण्यात चोवीस वर्षं दर रविवारी सकाळी एकत्र खेळतोय. वयं ६१ ते ६६. हँडिकॅप (खेळाची पातळी सांगणारा आकडा, जितका कमी तितका खेळ चांगला) १४, १८, २१ आणि २४. चोवीसवाला आमच्यात सगळ्यात थोरला. त्याचा डावा गुडघा बदलला त्याला आता वर्ष होईल. पहिले नऊ होल तो सहज चालतो, पुढचे नऊ हट्टाने.

२००६ च्या ऑक्टोबरात जीव मिल्खासिंगने दक्षिण स्पेनमधल्या वाल्देरामा कोर्सवर व्होल्वो मास्टर्स ही स्पर्धा जिंकली, ती आम्ही माझ्या हॉलमध्ये बसून पाहिली होती. गार्सिया, हॅरिंग्टन आणि ल्यूक डोनाल्ड, तिघंही एका फटक्याने मागे राहिले. त्या रात्री थोरला म्हणाला होता, ‘रिटायर झालो की या झाडांमधून एकदा चालायचं.’ मग २०२४ च्या जुलैत आपल्या पुण्यात जन्मलेला अनिर्बन लाहिरी त्याच कोर्सवर गार्सियाकडून प्लेऑफमध्ये हरला आणि आम्हा चौघांना रात्री झोप लागली नाही. तेव्हापासून विषय पुन्हा निघतोय. आता सगळे रिटायर आहोत, गुडघाही नवा आहे. यंदा नाही गेलो तर राहूनच जाईल.

बेत असा आहे. ऑक्टोबरचा दुसरा आठवडा, आठ रात्री, सात राउंड. मालागाला दुपारी उतरायचं, दुसऱ्या दिवशी सकाळी थेट वाल्देरामा. मग सान रोके, फिंका कोर्तेसिन, लास ब्रिसास, ला कालाचे दोन कोर्स आणि परतीच्या आदल्या दिवशी विमानतळाजवळचा पारादोर कोर्स. तीन हॉटेलं बदलावी लागतील. दोघांच्या बायका सोबत येतील, त्या खेळत नाहीत.

हे जमण्यासारखं आहे का? कॅडी (पिशवी उचलणारे, सल्ला देणारे सोबती) मिळतात का? किट इथूनच न्यावं का? आणि गाडी स्वतः चालवावी की ड्रायव्हर घ्यावा? कुणी जाऊन आलं असेल तर मोकळेपणाने सांगा.

सातारा_ते_सोतोग्रांदे

बिबवेवाडीकर काका, तुमची पोस्ट वाचली आणि स्वयंपाक अर्धा टाकून लिहायला बसले.

मी मूळची साताऱ्याची. नवऱ्याचं काम आल्हेसिरास बंदरात, जहाजांचं. अकरा वर्षं आम्ही एस्तेपोनाला राहतोय. गोल्फ मी इथे येऊन शिकले, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी. सध्या १९ वर आहे. दर वर्षी गावाकडून कुणी ना कुणी क्लबांच्या, म्हणजे गोल्फच्या काठ्यांच्या, पिशव्या घेऊन येतं आणि त्यांच्या राउंडची आखणी माझ्याकडेच असते, म्हणून हक्काने सांगते : सात राउंड करू नका. चार करा.

माझे दीर आले होते तेव्हा मीच सहा दिवसांत सहा राउंड लावले होते. उत्साह त्यांचा आणि माझाही. चौथ्या दिवशी बाराव्या होलवर चढ चढताना त्यांची पोटरी धरली. पुढचे दोन दिवस ते बाल्कनीत पाय उशीवर ठेवून बसले, भरलेली ग्रीन फी (कोर्सवर खेळायचे पैसे) गेली ती गेलीच, आणि जो कोर्स खेळायला ते सातासमुद्रापलीकडून आले होते तो नेमका सहाव्या दिवशी होता. ती चूक माझी होती आणि तिची रुखरुख मला अजून आहे. तुमच्या थोरल्या मित्राचं तसं होऊ नये.

पुण्यातला राउंड आणि इथला राउंड यांत मोठा फरक चढउतारांचा आहे. हा सगळा किनारा म्हणजे समुद्र आणि लगेच डोंगर. कोर्स बऱ्याचदा डोंगराच्या सोंडेवर असतात. ला काला फार देखणं ठिकाण आहे, आमेरिका, आसिया आणि एउरोपा असे तिथे तीन कोर्स आहेत, पण ते मिहासच्या टेकड्यांत. बग्गी (कोर्सवरची छोटी गाडी) घेतली तरी बग्गीपासून चेंडूपर्यंत तिरक्या उतारावर उभं राहावंच लागतं, आणि त्यात गुडघा पिळवटतो. तुमच्या यादीतून मी ला काला काढलं असतं, दोन्ही.

त्याऐवजी ग्वादाल्मिनाचा दक्षिण कोर्स घ्या. हाविएर आराना या स्पॅनिश माणसाने आखलेला, १९५९ चा. जमीन बरीचशी सपाट, जुनी मोठी झाडं, आणि खेळता खेळता तुम्ही थेट समुद्राशी येता. पहिला राउंड इथे करा. प्रवासाचा शीण असताना शरीराला तो मानवतो.

वाल्देरामा पहिल्या दिवशी अजिबात ठेवू नका. शेवटच्या दिवशीही नको, कारण ऑक्टोबरात इथे पाऊस सुरू होऊ शकतो आणि तसं झालं तर हातात पर्यायी दिवस उरत नाही. तो तिसरा राउंड असू दे. त्याआधी एक दिवस पूर्ण मोकळा. आणि बाकी सगळं त्याच्याभोवती बसवा, म्हणजे आधी त्यांची टी टाइम (खेळ सुरू करायची ठरलेली वेळ) मिळवायची आणि मगच विमानाची तिकिटं. पाहुण्यांसाठी दिवसाला मोजक्याच वेळा असतात. ग्रीन फी चारशे युरोंच्या पुढे आहे, तेव्हा तो राउंड थकलेल्या पायांनी खेळायचा नाही.

वाल्देरामाबद्दल थोडं सांगू दे. मी तिथे दोनदाच खेळले आहे, पण दोन्ही वेळचा प्रत्येक होल आठवतो. कोर्स लांब नाही, अरुंद आहे. फेअरवेच्या (कापलेल्या गवताच्या मधल्या पट्ट्याच्या) दोन्ही बाजूंना बुचाची ओक झाडं, त्यांच्या फांद्या आत झुकलेल्या. फेअरवेत पडलेल्या चेंडूसमोरही कधी कधी फांदी असते. टीव्हीवर हे कळत नाही, कारण कॅमेरा वरून बघतो. खाली उभं राहिलं की ग्रीन, म्हणजे भोकाभोवतीची बारीक कापलेली हिरवळ, एखाद्या खिडकीतून दिसावं तसं दिसतं. त्यामुळे ड्रायव्हर (सगळ्यात लांब फटक्याचा क्लब) पिशवीत ठेवून पाच वुड किंवा हायब्रिडने खेळलात तर तुमच्या हँडिकॅपला हा कोर्स जमतो. चौथा होल पार पाच (पाच फटक्यांत संपवायचा), ग्रीनच्या उजवीकडे तळं आणि धबधबा. आणि सतरावा. १९९७ चा रायडर कप (युरोप विरुद्ध अमेरिका) इथे झाला, युरोपच्या मुख्य भूमीवरचा पहिला. सेव्हे बायेस्तेरोस कर्णधार होता आणि सतराव्या होलची फेररचना त्यानेच केली होती. ग्रीनपुढे तळं आहे आणि ग्रीनचा उतार तळ्याकडे. तिसरा फटका कितीही सोपा वाटला तरी नेहमीपेक्षा एक नंबर लांब पल्ल्याचा क्लब घ्या. युरोप तेव्हा साडेचौदा-साडेतेराने जिंकला होता.

या झाडांची सालही बघा. काही खोडं खालून तांबूस, गुळगुळीत दिसतील. बूच काढलेलं खोड असं असतं. साल साधारण नऊ वर्षांनी पुन्हा काढण्याजोगी होते. तुमच्या मित्राला झाडांमधून चालायचंय ना, त्याला हे आवर्जून दाखवा.

फिंका कोर्तेसिनवर २०२३ च्या सप्टेंबरात सोल्हाइम कप (महिलांचा युरोप विरुद्ध अमेरिका सामना) झाला, तेव्हा मी तीनही दिवस प्रेक्षक म्हणून चालले. १४-१४ अशी बरोबरी झाली आणि कप युरोपकडेच राहिला. कार्लोता सिगांदाने सतराव्या ग्रीनवर सामना संपवला तेव्हा माझ्या शेजारची सत्तरीची आजी ओक्साबोक्शी रडत होती, आणि मीही. पण चालून चालून संध्याकाळी टाचा सुजलेल्या असायच्या. कोर्स लांबलचक, एका ग्रीनपासून पुढच्या टीपर्यंतही (पुढचा होल सुरू होतो तिथपर्यंत) बरंच अंतर. जायचं तर बग्गी घेऊनच जा, आणि पिवळ्या टीवरूनच खेळा.

आता कॅडी. इथे सहसा कॅडी नसतात. आगेवालाही (पुढे उभा राहून चेंडूवर नजर ठेवणारा) नसतो. आपल्याकडच्या खेळाडूला इथे सगळ्यात जड जातं ते हेच. चेंडू कुठे पडला ते तुम्हीच बघायचं, बंकर तुम्हीच सारखा करायचा, ग्रीनवरचा खड्डा तुम्हीच बुजवायचा आणि पटची (ग्रीनवरच्या हलक्या फटक्याची) लाइन, म्हणजे चेंडू कसा वळेल ते, तुम्हीच वाचायची. पाहुणे पट करायला उभे राहतात आणि नकळत मागे वळून बघतात. मागे कुणी नसतं. म्हणून आतापासून दोन महिने रविवारी एक करा : कॅडीला लाइन विचारायची नाही. त्याचे पैसे मात्र त्याला पूर्ण द्या, त्याचं त्यात काही चुकलेलं नाही.

दुसरं, इथे सगळं मीटरमध्ये. स्कोअरकार्ड, फेअरवेवरच्या खुणा, सगळं. १५० मीटर म्हणजे १६४ यार्ड. आकड्यात साधारण दहा टक्के मिळवा आणि मग क्लब काढा. माझ्याकडे आलेल्या प्रत्येक पाहुण्याचा पहिल्या दिवशी पहिला आयर्न शॉट तोकडा पडलाय. लेझर रेंजफाइंडर असेल तर तो यार्डवर ठेवा, म्हणजे डोक्यात गोंधळ होत नाही.

आणि पहाटे सहाला टी ऑफ करायची आपली सवय इथे चालत नाही. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्यच सव्वाआठनंतर उगवतो. साडेनऊ-दहाची टी टाइम घ्या, चार-साडेचार तासांत राउंड संपतो, आणि इथे जेवायची वेळ दोन ते चार असल्यामुळे तुम्ही बरोबर जेवायला बसता.

राहायला एकच जागा धरा. एस्तेपोना किंवा सान पेद्रो. मालागा विमानतळापासून एस्तेपोना साधारण ८० किलोमीटर, तिथून फिंका कोर्तेसिन पंधरा-वीस मिनिटं, सोतोग्रांदे अर्धा तास, ग्वादाल्मिना वीस मिनिटं. तीन हॉटेलं म्हणजे चार पिशव्या तीनदा उतरवायच्या आणि चढवायच्या. त्यात दोन सकाळी वाया जातात. आगगाडीच्या भरवशावर राहू नका. मालागाहून येणारी लोकल फुएन्हिरोलाला संपते. मार्बेयाला रेल्वेच नाही.

वाऱ्याबद्दल उद्या लिहिते, भाजी लागायला आली.

दर्यावर्दी_रत्नागिरी

ताईंनी गोल्फचं सगळं सांगितलंय, मी कागदपत्रांचं सांगतो. जहाजावर असताना आणि नंतर कुटुंबासोबत स्पेनचे चार शेंगेन व्हिसा काढले आहेत.

प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. पण पंधरा दिवसांवर जाऊ नका, अपॉइंटमेंट मिळवण्यातच आठवडे जातात. फी ९० युरो आहे. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. टी टाइमची कन्फर्मेशन पत्रं फाइलला जोडा, दिवसावार कार्यक्रम त्यातून आपोआप दिसतो.

गाडी चालवणार असाल तर आरटीओकडून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढा. ते एक वर्ष चालतं, आणि सोबत मूळ लायसन्सही हवंच. गाडी ज्याच्या नावावर घ्याल त्याच्याच नावाचं क्रेडिट कार्ड काउंटरवर मागतात. डेबिट कार्डावर एकदा मी तासभर अडकलो होतो. ऑटोमॅटिक हवी असेल तर बुक करतानाच तसं सांगा, नाहीतर गिअरची मिळते, आणि उजव्या हाताने गिअर टाकत रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायचं हे पहिल्या दिवशी अंगावर येतं. सहा माणसं आणि चार गोल्फ बॅगा म्हणजे साधी गाडी पुरणार नाही, नऊ सीटची व्हॅन बघा. किनाऱ्याने दोन रस्ते समांतर जातात : ए-७ फुकट आणि गर्दीचा, एपी-७ टोलचा आणि मोकळा. राउंडला जाताना टोलचा घ्या, परतताना समुद्र बघत फुकटच्या रस्त्याने या.

बिबवेवाडीकर

ताई, दर्यावर्दी, तुम्हा दोघांचे मनापासून आभार. तुमचे प्रतिसाद छापून रविवारी क्लबात नेले. थोरल्याने तिथल्या तिथे दोनदा वाचले. बुचाच्या झाडांचा परिच्छेद त्याने घरी न्यायला मागून घेतला.

सातावरून चारवर येताना आम्हाला जड गेलं, खोटं कशाला सांगू. एवढा प्रवास, एवढा खर्च, आणि फक्त चार राउंड? एक मित्र अजूनही सहावर अडून बसलाय. पण दिरांची हकीकत वाचून थोरल्याची बायको म्हणाली, ‘चार. आणि त्याला बग्गी.’ त्यापुढे कुणी बोललं नाही.

आणखी काही शंका : हँडिकॅप सर्टिफिकेट खरंच बघतात का? किटचं काय करावं? ऑक्टोबरात कोर्सची अवस्था कशी असते? आणि त्या वाऱ्याचं राहिलं.

सातारा_ते_सोतोग्रांदे

काका, थोरल्या काकूंना माझा नमस्कार सांगा.

सर्टिफिकेट बघतात. सगळीकडे नाही, पण जिथे बघतात तिथे नसेल तर खेळू देत नाहीत. भारतातही आता जागतिक हँडिकॅप पद्धतच आहे, त्यामुळे तुमच्या क्लबने दिलेला इंडियन गोल्फ युनियनचा इंडेक्स इथे समजतो. क्लबच्या शिक्क्याचा कागद घ्या आणि फोनमध्ये फोटोही ठेवा. २४ चा हँडिकॅप कुठे चालतो ते बुकिंग करतानाच लेखी विचारा. काही क्लबांची मर्यादा असते.

किट स्वतःचंच आणा. भाड्याने चांगले सेट मिळतात, पण चोवीस वर्षं ज्या पटरने पट केलंय तो वाल्देरामावर हातात नसेल तर चुकल्यासारखं वाटेल. कव्हरमध्ये भरताना ड्रायव्हरपेक्षा बोटभर उंच अशी एक भक्कम काठी मधोमध उभी ठेवा, म्हणजे बॅग डोक्यावर आपटली तरी मार काठीला बसतो, ड्रायव्हरच्या मानेला नाही. पटर आणि बूट शक्यतो वेगळे भरा. विमान बदलताना बॅगा मागे राहतात, हेही पहिला राउंड उतरल्याच्या दुसऱ्याच दिवशी न ठेवण्याचं एक कारण.

ऑक्टोबरातल्या कोर्सबद्दल विचारलंत ते फार बरं झालं. इथल्या बऱ्याच फेअरवेंवर बर्म्युडा गवत आहे, आपल्याकडच्यासारखंच. थंडीत ते पिवळं पडून झोपतं. म्हणून शरदात त्यावर राय गवताचं बी पेरतात. पेरणीच्या दिवसांत बग्गी फेअरवेवर नेऊ देत नाहीत, फक्त वाटेवरून. तुमच्या थोरल्यांना त्याने मोठा फरक पडेल, कारण प्रत्येक फटक्याला वाटेपासून चेंडूपर्यंत जायचं आणि परत यायचं. तेव्हा प्रत्येक क्लबला दोन प्रश्न मेलवर विचारा : आमच्या तारखेला बग्गी फेअरवेवर चालेल का, आणि त्याआधीच्या दोन आठवड्यांत ग्रीनला (मातीत हवा खेळावी म्हणून) भोकं पाडणार आहात का? मी एकदा पाहुण्यांना मोठ्या हौसेने एका नावाजलेल्या कोर्सवर घेऊन गेले. आदल्याच दिवशी ग्रीनला भोकं पाडून वाळू टाकलेली. पूर्ण पैसे घेतले आणि कुणी एका शब्दाने आधी सांगितलं नाही. पाहुण्यांनी तक्रार केली नाही, पण मला त्या रात्री वाईट वाटत राहिलं. तेव्हापासून विचारल्याशिवाय मी बुकिंग करत नाही.

आता वारा. इथे दोन वारे आहेत, लेवान्ते म्हणजे पूर्वेचा आणि पोनिएन्ते म्हणजे पश्चिमेचा. जिब्राल्टरची सामुद्रधुनी अरुंद आहे, त्यामुळे सोतोग्रांदेच्या बाजूला वारा नळीतून यावा तसा येतो. लेवान्ते लागला की कधी कधी दिवसेंदिवस थांबत नाही. तो कसा ओळखायचा सांगते : सकाळी एस्तेपोनाच्या किनाऱ्यावरून जिब्राल्टरच्या खडकाकडे बघा. खडकाच्या डोक्यावर ढगाची टोपी अडकलेली दिसली, आकाश बाकी निरभ्र असलं तरी, की लेवान्ते आहे. त्या दिवशी वाल्देरामाला दोन क्लबांचा फरक पडेल. पोनिएन्ते असेल तर हवा स्वच्छ, पलीकडे आफ्रिकेचे डोंगर दिसतात.

चौथा राउंड कुठला, असा प्रश्न तुम्हाला पडेल. माझं मत रेआल क्लुब सोतोग्रांदे. रॉबर्ट ट्रेंट जोन्सने युरोपात आखलेला पहिला कोर्स, १९६४ चा. त्यानेच दहा वर्षांनी शेजारीच वाल्देरामाची मूळ आखणी केली. तेव्हा त्याचं नाव वेगळं होतं, १९८५ पासून वाल्देरामा झालं. एकाच माणसाचे दोन कोर्स, आधी मोकळाढाकळा आणि मग अरुंद. सोतोग्रांदेला जमीन सौम्य आहे, जागा प्रशस्त आहे, थोरल्यांना तिथे बरं वाटेल. वाल्देरामाच्या आदल्या राउंडला हा ठेवा. त्याच हाताची ओळख आधी होते.

लास ब्रिसासही त्याचाच, १९६८ चा. २०२३ च्या नोव्हेंबरात आपल्या अदिती अशोकने स्पॅनिश ओपन तिथेच जिंकली. मी शेवटच्या दिवशी गेले होते. अठराव्या ग्रीनभोवती मराठी बोलणारी मी एकटीच असेन, पण टाळ्या वाजवून तळहात लाल झाले. तुमचा सहावर अडलेला मित्र फारच हट्टाला पेटला तर त्याला आणि चौदावाल्यांना एक दिवस लास ब्रिसासला पाठवा. पाणी फार आहे, चेंडू जास्त ठेवा. बाकी दोघांनी त्या दिवशी किनाऱ्यावर बसावं.

चेंडूंवरून आठवलं. आगेवाला नाही आणि शोधायला नियमाने तीनच मिनिटं. माणशी दीड डझन आणा. आणि कोर्सवरच्या नळाचं किंवा पाइपचं पाणी पिऊ नका. इथे पाऊस कमी, त्यामुळे अनेक कोर्सना सांडपाणी शुद्ध करून तेच घालतात. बाटल्या सोबत घ्या.

अंगणातली_जुई

मी न खेळणाऱ्या बायकांच्या बाजूने लिहिते. नवरा खेळतो, मी नाही. दोन वर्षांपूर्वी आम्ही सान पेद्रोला नऊ दिवस होतो.

नवरा कोर्सवर असताना क्लबहाउसमध्ये बसून राहण्यात काही अर्थ नाही. रोंदा नक्की बघा. सान पेद्रोहून डोंगरातला वळणांचा रस्ता आहे, साधारण तासाभराचा. गाडी लागत असेल तर गोळी घ्या. खोल घळीवरचा १७९३ मध्ये पूर्ण झालेला पूल वरून बघून परत फिरू नका, खाली उतरायची पायवाट आहे. पूल खालूनच कळतो. मालागात पिकासोचं संग्रहालय आहे, त्याचा जन्म त्याच शहरातला. अल्हाम्ब्रासाठी मात्र ग्रॅनडाला अख्खा दिवस द्या आणि खेळणाऱ्यांनाही घेऊन जा. नास्रिद महालांच्या तिकिटावर आत जायची वेळ छापलेली असते, ती चुकली तर आत सोडत नाहीत. तिकिटं नावावर असतात, पासपोर्ट सोबत हवा. आठवडे आधी काढा.

जेवणाचं : आम्ही शाकाहारी. भाजलेल्या भाज्या, पालक-छोले (त्याला ते एस्पिनाकास कोन गार्बान्सोस म्हणतात, जिरं घातलेलं, घरची आठवण आली), वांग्याचे तळलेले काप आणि त्यावर उसाची काकवी. हा शेवटचा पदार्थ मी परत आल्यावर कोल्हापुरी काकवी घालून केला आणि घरात सगळ्यांना आवडला. साल्मोरेखो हे टोमॅटोचं गार सार सुंदर असतं, पण वर हॅमचे तुकडे घालतात. ‘सिन हामोन’ म्हणजे हॅमशिवाय, हे दोन शब्द पाठ करा. मासे खाणाऱ्यांना किनाऱ्यावर काठीला टोचून लाकडाच्या निखाऱ्यावर भाजलेल्या सार्डिन मिळतात. आमच्या शेजारच्या टेबलावरचे मालवणी काका म्हणाले, थेट पेडवे. रात्रीचं जेवण नऊच्या आत मिळेलच असं नाही, खोलीत चिवडा-लाडू असू द्या.

बिबवेवाडीकर

जुईताई, तुमचा प्रतिसाद वाचून दोघींनी अल्हाम्ब्राचं वेळापत्रक आमच्या आधी ठरवलं.

नवा बेत लिहितो, चूक असेल तर सांगा. रविवारी उतरायचं, मुक्काम आठही रात्री एस्तेपोना. सोमवारी काही नाही, फक्त चालणं आणि बॅगा आल्या नसतील तर वाट बघणं. मंगळवारी ग्वादाल्मिना दक्षिण. बुधवारी रेआल क्लुब सोतोग्रांदे. गुरुवारी सगळे मिळून ग्रॅनडा. शुक्रवारी वाल्देरामा, टी टाइमसाठी मेल केला आहे, उत्तराची वाट बघतोय. शनिवार मोकळा, पाऊस आलाच तर तोच राखीव. रविवारी फिंका कोर्तेसिन, चौघंही बग्गीत. सोमवारी परत.

गेल्या रविवारी आम्ही कॅडीला लाइन न विचारता खेळलो. अठरा होलांत माझे तीन-तीन पट सहा वेळा झाले. आमचा कॅडी अठरा वर्षं आमच्यासोबत आहे. पहिल्या चार होलांवर तो ग्रीनच्या कडेला उभा राहून बोट चावत होता. पाचव्यावर त्याला सगळं सांगितलं, कुठे चाललोय, का चाललोय. तो म्हणाला, ‘मग साहेब, आजपासून मी चूक सांगणार, पण पट झाल्यावर.’ आता तसंच चाललंय. त्याचा फायदा होतोय, नवव्याच्या पुढे मी उतार पायांनी ओळखायला लागलोय.

सातारा_ते_सोतोग्रांदे

बेत छान झाला काका. एकच बदल : गुरुवारी ग्रॅनडा नको. एस्तेपोनाहून जायला दोन तासांच्या वर लागतात, अल्हाम्ब्रात चढण आहे, दगडी फरसबंदी आहे, चालणं एखाद्या राउंडएवढं होतं. वाल्देरामाच्या आदल्या दिवशी तो गुडघा तिथे नको. ग्रॅनडा शनिवारी करा आणि गुरुवार खरोखर मोकळा ठेवा. पावसाचा राखीव दिवस मग परतीच्या आदला रविवार होईल, तसं झालं तर फिंका सोडून द्यायचं. तिकिटं काढायच्या आधी दोघींना विचारा.

तुमच्या कॅडीची कल्पना मला फार आवडली. पट झाल्यावर चूक सांगणं. माझ्या शिक्षकाने मला हेच केलं असतं तर दोन वर्षं वाचली असती. इथले जुने खेळाडू सांगतात की या किनाऱ्यावर पट डोळ्यांना दिसतो त्यापेक्षा थोडा जास्त समुद्राकडे वळतो. त्याला हेही सांगा. ग्रीनवर गेलात की आधी समुद्र कुठल्या बाजूला आहे ते बघायचं.

वाल्देरामाचं उत्तर आलं की तारीख कळवा. त्या गुरुवारी संध्याकाळी सगळ्यांनी आमच्याकडे जेवायला या. पिठलं-भाकरी करीन, ज्वारीचं पीठ येताना दोन किलो आणा, इथे मिळत नाही. मीटरचे यार्ड लिहिलेली चार छोटी कार्डं मी करून ठेवलीत, खिशात मावतील अशी, ती तेव्हाच देईन.